माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. अनुभव नसताना लाकडी शिडाच्या जहाजावर स्वयंसेवक म्हणून घेतात का? काम काय असतं?

घेतात. मी नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला राहते आणि इथल्या ‘गोथेबोर्ग’ या जहाजावर स्वयंसेवक म्हणून काम केलं आहे. आयुष्यात कधी शिडाला हात न लावलेली विशी-पंचविशीची कितीतरी मुलंमुली माझ्याबरोबर होती. तुमचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय म्हणता, तोही वाया जाणार नाही. या जहाजाला इंजिनंही आहेत.

मूळ जहाज स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचं. चीनहून चहा आणि चिनी मातीची भांडी घेऊन परतताना १२ सप्टेंबर १७४५ रोजी ते अगदी गोथेनबर्ग बंदराच्या तोंडाशी खडकावर आदळून बुडालं. आताची त्याची प्रतिकृती २००३ साली पाण्यात उतरली आणि २००५ मध्ये निघून चीनला जाऊन आली. लांबी सुमारे ५८ मीटर. खलाशी ऐंशीच्या आसपास, त्यांतले निम्म्याहून अधिक स्वयंसेवक.

आता कामाचं. डोलकाठीवर चढून शिडं सोडणं-गुंडाळणं असतंच, पण दिवसाचा मोठा भाग जातो तो डागडुजीत. डेकवर समुद्राचं पाणी ओतून घासायचं, कारण उन्हाने फळ्या सुकल्या की आकसतात, सांधे उघडतात आणि पाणी खाली झिरपतं. त्यासाठी खारंच पाणी हवं. लोणच्यात मीठ जे करतं, तेच ते लाकडात करतं. लाकडाचा खरा शत्रू पावसाचं गोडं पाणी. ते कोपऱ्यात साचलं की बुरशी धरते. फ्रान्सचं ‘हर्मिओन’ हे २०१२ साली पाण्यात उतरलेलं आणि २०१५ मध्ये अमेरिकेला जाऊन आलेलं जहाज. २०२१ मध्ये ते सुक्या गोदीत घेतलं तेव्हा त्याच्या लाकडात बुरशी सापडली. म्हणून ‘नुसतं डेक घासायला लावतात’ अशी कुणी तक्रार केली की मला वाईट वाटतं. जहाज जगतं ते त्या घासण्यावर.

मग दोरांचं काम. डोलकाठ्यांना ताणून धरणारे जाड दोर पाइनच्या डांबराने माखायचे, जिथे घासले जातात तिथे कापडाची पट्टी आणि वरून सुतळी घट्ट गुंडाळायची, कप्प्यांना, म्हणजे दोर ज्यांवरून फिरतात त्या पुलींना, वंगण द्यायचं. हातांचा डांबराचा वास आठवडाभर जात नाही. मला तो आवडायचा.

सगळ्यात शिकण्यासारखं काम म्हणजे फळ्यांच्या फटी बुजवणं. डांबरात भिजवलेले तंतू बोथट छिन्नीने फटीत ठोकायचे आणि वर गरम डांबर ओतायचं. फट पुरेशी भरली की हातोड्याचा आवाज बदलतो, टणक होतो. आमची बोसन, म्हणजे डेकवरच्या कामाची मुकादम, पाठमोरी उभी राहून नुसत्या आवाजावरून सांगायची, ‘अजून दोन ठोके.’ हे पुस्तकातून येत नाही. तिच्या हाताखाली वर्षभर उमेदवारी करणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा पुढे नव्या आलेल्यांना शिकवायला लागला होता. अशी जहाजं टिकवायची तर असे हात तयार व्हायलाच हवेत, असं मला मनापासून वाटतं.

अर्ज करताना थेट ‘समुद्रसफरीला घ्या’ असं लिहू नका. उत्तर युरोपातली अशी बहुतेक जहाजं हिवाळ्यात बंदरात उभी असतात आणि तेव्हाच दुरुस्तीला माणसं कमी पडतात. त्या कामासाठी विचारा. उंचीची भीती असेल तर आधीच सांगा, खालीही भरपूर काम असतं. व्हिसा, विमा आणि जेवणाखाण्याचा खर्च कोण करणार, हे निघण्याआधी लेखी घ्या. सोबत जाड लोकरीचे मोजे आणा, सुती नकोत.