नवरा-बायको दोघांनीच गाडी भाड्याने घेऊन मध्य आणि पूर्व युरोप फिरणं जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं पन्नाशीच्या आसपास आहात, भारतात गाडी चालवायची चांगली सवय आहे, सप्टेंबरात प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, क्राकूव्ह आणि जमलं तर रोमानिया गाडीने करायचं आहे आणि टूर कंपनीबरोबर जायचं नाही. जमेल का, आणि रस्ता कोणता घ्यावा?

नक्की जमेल. फक्त प्राग आणि व्हिएन्ना गाडीतून वगळा. ती शहरं ट्रेनने करा आणि गाडी बुडापेस्टला घेऊन बुडापेस्टलाच परत द्या. मी आणि माझा नवरा असंच फिरलो आणि आज पुन्हा निघालो तर असंच निघू.

एकतर दुसऱ्या देशात गाडी सोडायची म्हटलं की कंपन्या वेगळे पैसे लावतात, आणि ते कधीकधी भाड्याइतकेच होतात. शिवाय या मोठ्या शहरांत गाडीचा उपयोगच नाही. प्रागच्या मध्यभागी निळ्या पट्ट्यांच्या जागा रहिवाशांसाठी राखलेल्या, रस्त्यात ट्राम, आणि बघायचं ते सगळं पायी फिरण्याच्या टप्प्यात. गाडी गॅरेजमध्ये उभी राहणार आणि तुम्ही रोज तिचं भाडं भरणार. गाडी लागते ती मधल्या मुलखासाठी, जिथे बस दिवसातून एकदोनदाच येते आणि टूरवाले थांबत नाहीत. सहलीतला सर्वात सुंदर भाग तिथेच आहे.

रस्ता असा सुचवेन: बुडापेस्टहून एगर, तिथून डोंगरातून स्लोव्हाकियातलं लेव्होचा, तात्रा पर्वत ओलांडून पोलंडमधलं क्राकूव्ह, परत खाली उतरताना स्लोव्हाकियातलं बार्देयोव्ह आणि हंगेरीतलं वाइनचं गाव टोकाय, मग ओरादेआवरून रोमानियात शिरून सिघिशोआरा, सिबिउ, आणि शेवटी तिमिशोआरा-सेगेद करत बुडापेस्ट. घाई न करता तीन आठवडे द्या. दोनच आठवडे असतील तर पोलंड सोडा, रोमानिया सोडू नका. दिवसाला दोनशे किलोमीटरच्या वर जाऊ नका. नकाशावर अंतर किरकोळ वाटतं, पण घाटात आणि गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांवर वेग फार मिळत नाही.

लेव्होचाला दोन रात्री राहाच. तिथल्या सेंट जेम्स चर्चमध्ये कारागीर पावोल याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला कोरलेली लाकडी वेदी आहे. उंची साडेअठरा मीटरच्या वर, लाकडातली गॉथिक शैलीतली जगात सर्वात उंच. फोटोत ती नुसती सोनेरी भिंत दिसते. समोर उभं राहिलं की खालच्या भागातलं येशूच्या शेवटच्या भोजनाचं दृश्य दिसतं आणि त्यात प्रत्येक माणसाचा चेहरा वेगळा आहे: कुणी पेंगलेला, कुणी जेवणात गुंतलेला. आम्ही तिथे बराच वेळ बसलो होतो. दुसऱ्या दिवशी स्पिश किल्ल्यावर जा. चार हेक्टर पसरलेला उजाड किल्ला, खाली शेतं, मागे तात्राची रांग. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला तिथे पाय टाकताच आपलेपणा वाटतो.

क्राकूव्हला गाडी हॉटेलच्या पार्किंगमध्ये ठेवा आणि विसरा. आउश्वित्झला, म्हणजे नाझींच्या छळछावणीला, जायचं असेल तर प्रवेशाची नोंदणी नावानिशी आधी करावी लागते, ती निघण्यापूर्वीच करून टाका. त्याच दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका. आणि एक दिवस मोकळा असेल तर क्राकूव्हहून ट्रेनने वॉर्सा करून या. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत प्रदेशातून सुटून आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांची, मुख्यतः बायका-मुलांची, वसाहत कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात होती. त्याची आठवण म्हणून वॉर्सात माँते कासिनो स्मारकाजवळ कोल्हापूरचं स्मारक आहे. मराठी माणसाने तिथे जाऊन यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बार्देयोव्हच्या चौकात दुपारचं जेवण पुरे. टोकायला मात्र मुक्कामच करा, कारण वाइन चाखून गाडी चालवता येत नाही. हंगेरी, स्लोव्हाकिया, चेकिया, रोमानिया या चारही देशांत चालकाच्या रक्तात मद्याची मर्यादा शून्य आहे. एक घोटसुद्धा नाही. तळघरांच्या भिंतींवर काळी मऊ बुरशी साचलेली दिसेल. ती घाण नव्हे. त्या तळघरांतली हवा दमट ठेवायला तिची मदत होते, असं तिथले लोक सांगतात.

आता रोमानिया. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया आणि बल्गेरिया जमिनीवरच्या सीमांसह पूर्ण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आले. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर ही सहल बरीच सोपी झाली: एकाच व्हिसावर सगळा मार्ग होतो आणि हंगेरीहून जाताना पूर्वीसारखी रांग लावावी लागत नाही. मधूनमधून कुणी थांबवून तपासणी करू शकतं, म्हणून पासपोर्ट हाताशी ठेवा. घड्याळ तासभर पुढे जातं, ते हॉटेलच्या वेळेसाठी लक्षात असू द्या.

ट्रान्सिल्व्हेनिया या रोमानियातल्या प्रांतात बाराव्या शतकात जर्मन भाषक लोक येऊन वसले. त्यांना सॅक्सन म्हणतात. हल्ल्यांपासून वाचायला त्यांनी गावातल्या चर्चभोवतीच तटबंदी बांधली. १९८९ नंतर त्यांतले बहुतेक जण जर्मनीला निघून गेले. गावं उरली, तट उरले, काही घरांतून आता दुसरी माणसं राहतात. बियर्तान हे त्यातलं एक गाव. तिथल्या चर्चमधल्या एका दाराला एकाच किल्लीने फिरणारं, १९ ठिकाणी अडकणारं कुलूप आहे. तटाला लागून एक छोटी खोली आहे. घटस्फोट मागणाऱ्या नवरा-बायकोला तिथे एकत्र कोंडत: एक पलंग, एक टेबल, एक ताट, एक चमचा. तीनशे वर्षांत एकच घटस्फोट झाला असं तिथे सांगतात. आकड्याची खात्री कोण देणार, पण दोघांनीच गाडीतून फिरत असताना ती खोली पाहणं वेगळंच वाटतं. आम्ही तिथून निघाल्यावर कितीतरी वेळ आमच्याच सुरुवातीच्या वर्षांबद्दल बोलत होतो. घरी अशी बोलणी होत नाहीत.

सिबिउहून त्रान्सफागाराशान हा रस्ता करा. रोमानियाचा तेव्हाचा हुकूमशहा चाउशेस्कू याने तो १९७० ते १९७४ मध्ये लष्कराकडून बांधून घेतला. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले, तशी वेळ आपल्यावर आली तर फौज डोंगरापलीकडे नेता यावी हा हेतू. वर बिलेआ तळ्याजवळ तो दोन हजार मीटरच्या वर जातो. बर्फामुळे साधारण जुलै ते ऑक्टोबर एवढाच काळ वरचा भाग खुला असतो, तेव्हा तुमचा सप्टेंबर उत्तम. सकाळी लवकर चढा, दुपारनंतर ढग खाली येतात आणि गर्दीही वाढते. दक्षिण बाजूला उतरताना रस्त्याच्या कडेला अस्वलं बसलेली असतात. खिडकी बंद ठेवा, गाडीतून उतरू नका, खायला अजिबात देऊ नका. त्याला दंड आहे, आणि अस्वलांच्या हल्ल्यात तिथे माणसं मेली आहेत. लोक फोटोसाठी उतरतात ते पाहून मला फार राग आला.

कागदपत्रांचं सांगते. आंतरराष्ट्रीय चालक परवाना आरटीओतून दोघांचाही काढा, तो वर्षभर चालतो. मूळ लायसन्सही जवळ हवं. कमी चालवणाऱ्याचंही नाव दुसरा चालक म्हणून करारात घाला, थोडे जास्त पैसे पडले तरी. गाडी कोणकोणत्या देशांत नेणार ते आधी लेखी कळवून परवानगी घ्या, नाहीतर सीमेपलीकडे विमा लागू होत नाही. डिपॉझिटसाठी मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. व्हिसा जिथे सर्वात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा, आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

गाडी ऑटोमॅटिक मागा. स्टिअरिंग डावीकडे आणि रस्त्याची उजवी बाजू, एवढं नवीन पुरेसं आहे, त्यात उजव्या हाताने गिअर नको. पहिल्या दिवशी शहरातून थेट हायवेला लागणारी जागा निवडून गाडी घ्या, विमानतळ बरा पडतो.

टोल दरवेळी नाक्यावर भरायचा नसतो, ठरावीक मुदतीचा ऑनलाइन पास गाडीच्या नंबरावर घ्यायचा असतो. त्याला विन्येत म्हणतात. हंगेरीचा बहुधा भाड्याच्या गाडीला असतो, विचारून घ्या. स्लोव्हाकियाचा हायवेसाठी लागतो, रोमानियाचा मात्र साध्या राष्ट्रीय रस्त्यांनाही लागतो. सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या, शोधताना वर दिसणाऱ्या मध्यस्थांच्या साइटवर जास्त पैसे जातात. दिवसाही हेडलाइट चालू ठेवा. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि झेब्रा क्रॉसिंगवर माणूस पाय ठेवण्याच्या बेतात दिसला तरी थांबायचं. पंपावर स्वतःच भरायचं असतं. स्लोव्हाकियात ‘नाफ्ता’ म्हणजे डिझेल, रोमानियात ‘मोटोरिना’ म्हणजे डिझेल. नोझलवर गोलात ई दिसलं तर पेट्रोल, चौकोनात बी दिसलं तर डिझेल, हे सगळीकडे सारखं आहे. रोमानियाच्या गावांत संध्याकाळी दिव्याविना घोडागाड्या रस्त्यावर असतात, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. हा नियम आम्ही कधीच मोडला नाही.

शाकाहारी असाल तरी चिंता नको. स्लोव्हाकियात बटाट्याच्या पिठाच्या गोळ्यांवर मेंढीच्या दुधाचं चीज घालून देतात, वरचा डुकराच्या मांसाचा चुरा नको म्हणून सांगायचं. हंगेरीत बाजारात गरम लांगोश मिळतो, तळलेल्या भाकरीवर आंबट साय आणि चीज. पोलंडमध्ये बटाटा आणि चीज भरलेल्या पियेरोगी. रोमानियात मक्याच्या पिठाची मामालिगा, वांगं आणि लाल ढोबळी मिरचीचा झाकुस्का. तिथे ऑर्थोडॉक्स लोक उपासाच्या काळात मांस, अंडी, दूध काहीच खात नाहीत, त्यामुळे पुष्कळ खानावळींत ‘दे पोस्त’ जेवण मिळतं. तेवढे दोन शब्द पाठ करून जा, घरी जेवल्यासारखं पोट भरतं. पैसे देताना कार्ड मशीनने रुपयांत घेऊ का विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात द्या.

आणि प्रागचं. गाडी परत केल्यावर बुडापेस्टहून प्रागला थेट ट्रेन आहे, साधारण सात तासांची. तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं. बसताना डाव्या बाजूच्या खिडक्या घ्या. निघाल्यावर तासभर डॅन्यूब त्याच बाजूने सोबत करते आणि सीमेजवळ पलीकडच्या तीरावर एस्तरगोमची प्रचंड बॅसिलिका दिसते.