वाचकांचे प्रश्न : कमावलेले कातडे आणि सीमाभागातला पोशाख

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था अठराव्या शतकातील अमेरिकेच्या सीमाभागात राहणाऱ्या वसाहतवाल्यांवरचे नाटक बसवत आहे. पात्रांना हरणाच्या कातड्याचे, झालर लावलेले अंगरखे हवेत. असे कातडे घरी कमावून कपडे शिवता येतील का? की चपलेसाठी कोल्हापुरात मिळणारे चामडेच वापरावे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : हरणाच्या कातड्याचा विचार आपण आधीच बाजूला ठेवावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार आपल्याकडे चितळ, सांबर, भेकर किंवा काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहेच; शिवाय जंगलात मेलेला सापडलेला वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता ठरतो. त्यामुळे ‘दाजीपूरच्या बाजूला मेलेले भेकर सापडले होते’ असे सांगून कोणी कातडे आणून दिले, तरी ते घेणे बेकायदेशीरच आहे. कायदा नसता तरी राधानगरीच्या रानातले भेकर रंगमंचावरच्या अंगरख्यापेक्षा मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या सोयीची गोष्ट अशी, की तो काळ हुबेहूब उभा करण्यासाठी हरणाच्या कातड्याचा अंगरखा लागतच नाही. पश्चिम पेन्सिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियाच्या डोंगराळ सीमाभागात पुरुष जो सैल ‘शिकारी सदरा’ घालत, तो बहुतेक वेळा लिननचा ताणा आणि लोकरीचा बाणा असलेल्या जाड कापडाचा किंवा भरड्या लिननचा असे. कमावलेल्या हरणाच्या कातड्याचे सदरे थोडेच होते, आणि पावसात भिजल्यावर ते अंगाला गार व नकोसे होत, असे त्या भागात वाढलेल्या लोकांनीच लिहून ठेवले आहे. हा सदरा मांडीच्या मध्यापर्यंत येणारा, पुढून पूर्ण उघडा आणि इतका रुंद असे, की पट्टा आवळल्यावर त्याची एक बाजू दुसरीवर हातभर चढे. छातीवर तयार होणाऱ्या त्या खोळीत माणसे भाकरी आणि बंदूक पुसायच्या चिंध्या ठेवत. खांद्यावर मोठी झूल असे, आणि कडेची झालर कापडाचेच धागे उसवून किंवा वेगळ्या रंगाच्या कापडाची पट्टी लावून केलेली असे. इचलकरंजीच्या बाजारातल्या जाड सुती कापडाचा असा सदरा आपल्या शिंप्याला सहज जमेल.

कातडे खरे उपयोगी पडे ते कमरेखाली, जिथे काटेकुटे आणि झुडपे पाय ओरबाडत. पायांवरचे लांब आवरण आणि मोकॅसिन नावाचे मऊ पादत्राण या दोन्ही गोष्टी वसाहतवाल्यांनी शॉनी, चेरोकी अशा मूळ रहिवाशांकडून घेतल्या, आणि कातडे कमावण्याची रीतही त्यांच्याकडूनच शिकली. पायाचे आवरण म्हणजे विजार नव्हे; ते प्रत्येक पायासाठी वेगळे असे आणि वाद्यांनी कमरपट्ट्याला बांधले जाई. मोकॅसिन एकाच तुकड्याचे करून पायाच्या वरच्या बाजूला चुण्या घालून शिवत, आणि थंडीत त्यात हरणाचे केस किंवा वाळलेला पाला भरत. आपल्या नाटकात एवढ्या दोनच वस्तू खऱ्या कातड्याच्या असल्या, तरी पात्राची चाल बदलेल.

या वस्तूंसाठी शेळीचे किंवा बोकडाचे कातडे घ्यावे. ते कोल्हापुरात परवानाधारक कत्तलखान्याशी जोडलेल्या व्यापाऱ्यांकडे मिळते, पोताला घट्ट असते आणि पातळ करूनही फाटत नाही. मेंढीचे कातडे मात्र टाळावे, कारण त्याचे थर एकमेकांपासून सुटतात. बोकडाचे कातडे हरणाच्या कातड्यापेक्षा बरेच लहान, साधारण चार-पाच चौरस फुटांचे असते, म्हणून दोन पायांसाठी तीन-चार कातडी धरून चालावे.

चपलेचे चामडे इथे चालणार नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे ढोर समाजातील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या चुना, हिरडा आणि बाभळीची साल वापरून म्हशीचे कातडे कमावत आले आहेत. सालीतले टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंमध्ये भरून बसते, म्हणून चामडे जड, टणक आणि वर्षानुवर्षे टिकणारे होते. कोल्हापुरी चपलेला, जिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, असेच चामडे हवे. पायाभोवती कापडासारखे पडणारे कातडे हवे असेल तर तंतू भरायचे नसतात, मोकळे ठेवायचे असतात. त्यासाठी तिकडचे लोक प्राण्याचा मेंदू वापरत.

रीत थोडक्यात अशी. ताजे कातडे धुऊन गोल ओंडक्यावर पसरावे आणि बोथट पात्याने मांसाचे व चरबीचे अवशेष काढावेत. मग ते चुन्याच्या निवळीत काही दिवस, केस बोटाने ओढताच निघेपर्यंत बुडवून ठेवावे. जुने लोक राखेचे पाणी वापरत, पण ते किती कडक झाले हे नवख्याला कळत नाही. चुना पाण्यात ठरावीक मर्यादेपर्यंतच विरघळतो, म्हणून तो अधिक सुरक्षित, तरीही हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यानंतरचे काम सगळ्यांत महत्त्वाचे आणि सगळ्यांत कंटाळवाणे आहे : केसांबरोबर कातड्याचा वरचा गुळगुळीत थरही पूर्ण खरवडून काढायचा. तो कुठे राहिला, तर तेवढा डाग पुढे कडक राहतो. बोकडाच्या कातड्यात हा थर हरणापेक्षा चिवट असतो, म्हणून घाई करू नये. पुढे कातडे नळाच्या वाहत्या पाण्यात चुना निघून जाईपर्यंत धुवावे आणि पिळून घ्यावे.

मटणाच्या दुकानात मिळणारा भेजा कोमट पाण्यात कुस्करून दुधासारखा करावा. पाणी हाताला सोसेल इतकेच गरम असावे, नाहीतर कातडे आक्रसून वाया जाते. भेज्यातले लेसिथिन तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवते, त्यामुळे स्निग्धता प्रत्येक तंतूपर्यंत पोचते. अंड्याच्या बलकाने हेच काम होते. कातडे त्यात भिजवावे, काठीला पीळ देऊन कोरडे पिळावे, पुन्हा भिजवावे. शेवटी ते पूर्ण वाळेपर्यंत सर्व बाजूंनी ताणत राहावे. मध्येच थांबले की तंतू एकमेकांना चिकटतात आणि हाती फळीसारखा तुकडा येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे काम काढूच नये. दिवाळीनंतरची कोरडी, पण फार उन्हाची नसलेली हवा त्याला उत्तम.

इतके झाल्यावर कातडे पांढरे आणि मऊ दिसते, पण भिजले की पुन्हा कडक होते. ते टिकवायचे तर धूर द्यावा लागतो. कातडे पिशवीसारखे शिवून धुमसत्या निखाऱ्यांवर उलटे टांगतात. निखाऱ्यांवर कुजून भुसभुशीत झालेले लाकूड किंवा मक्याची बुरकुंडे टाकतात आणि ज्वाळ उठू देत नाहीत. धुरातली अल्डिहाइड नावाची रसायने तंतूंना कायमचे बांधून ठेवतात, आणि रंग पिवळसर सोनेरीपासून गडद तपकिरीपर्यंत येतो. चिकाचे लाकूड काजळी धरते, म्हणून ते नको. हे सारे शहरातल्या सदनिकेत करण्यासारखे नाही. शेतातली मोकळी जागा घ्यावी, आणि चुन्याचे पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नये. शक्य असल्यास कातडे कमावण्याचा अनुभव असलेल्या कारागिराला योग्य मोबदला देऊन पहिली दोन कातडी त्याच्याबरोबर करावीत. खरवडताना पात्यावर किती जोर द्यावा, हे लिहून शिकवता येत नाही.

प्रश्न : आजोबांचे मृगाजिन घरात आहे. त्यातून पिशवी किंवा जाकीट शिवावे का?
– एक वाचक, गगनबावडा

उत्तर : शिवू नये आणि विकूही नये. अशा कातड्यासाठी वन विभाग देतो ते मालकीचे प्रमाणपत्र घरात आहे का ते पाहावे. नसल्यास वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारणा करावी. शिवाय इतके जुने कातडे शिवताना टाक्यांच्या रेषेवरच तुटते.

प्रश्न : बाजारातून मऊ, लवदार शेळीचे चामडे आणले आहे. ते बेतावे आणि शिवावे कसे? झालरीचा काही उपयोग असतो का? असे कपडे धुता येतात का?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : प्रथम पूर्ण कपडा मांजरपाटावर बेतून, शिवून आणि घालून पाहावा. चामड्यातून गेलेले सुईचे भोक बुजत नाही. कण्याची रेषा कपड्याच्या उभ्या मध्यावर घ्यावी, कारण तिथे चामडे जाड असते आणि कमी ताणते. पोटाकडच्या पातळ कडा गुडघ्यावर किंवा कोपरावर येऊ देऊ नयेत, नाहीतर तिथे लवकरच फुगा येतो.

शिवण्यासाठी तीन धारांची चामड्याची सुई आणि मेण लावलेला जाड दोरा घ्यावा. मूळ कारागीर हरणाच्या पाठीतला स्नायूबंध वाळवून, त्याचे तंतू काढून दोरा करत. शिवणीत दोन कडांच्या मध्ये चामड्याची तिसरी पट्टी घालावी आणि तिन्ही थर एकत्र शिवावेत. ही पट्टी टाक्यांवर येणारा ताण घेते आणि शिवण घासण्यापासून वाचवते. ती रुंद ठेवून बाहेरचा भाग धारदार रापीने चिरला, की झालर आपोआप तयार होते. झालरीवरून पावसाचे पाणी निथळते असे म्हणतात. मला मात्र तिचा मोठा उपयोग हाच वाटतो, की रानात बांधायला वादी लागली तर ती अंगावरच असे. चिरताना शिवणीपासून बोटभर जागा सोडावी.

धुण्याविषयी सांगायचे, तर धूर दिलेले घरचे कातडे कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येते. सावलीत वाळवावे आणि वाळताना मधूनमधून हाताने ताणावे. आपण आणलेले बाजारातले चामडे बहुधा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले असेल. ते पाण्यात बुडवू नये, मऊ ब्रशने लव झाडून घ्यावी, आणि डाग पडला तर ओलसर फडक्याने टिपून सावलीत वाळू द्यावे.