निबंधात विरोधी मुद्दा मांडला तर आपली बाजू कमजोर पडते का?

नाही पडत. तुम्ही लिहिलंय की समोरच्यांचे मुद्दे दिले तर वाचणारा तिकडेच वळेल अशी भीती वाटते, म्हणून एम. ए. च्या निबंधात शेवटी 'काही जणांचे मत वेगळे आहे, पण ते योग्य नाही' एवढं लिहून मोकळे होता. मी असे निबंध तपासते. मार्क जातात ते याच वाक्यापाशी. काही जण म्हणजे कोण? आणि योग्य नाही ते का?

डॉ. आंबेडकरांच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मधला (१९३६) श्रमविभागणीचा भाग जरूर वाचा. जातीचे समर्थक म्हणत, सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी लागतेच, जात म्हणजे तीच, मग त्यात वावगं काय? बाबासाहेब हा मुद्दा आधी सरळ मांडतात. श्रमविभागणी लागते हेही मान्य करतात. आणि मग म्हणतात की जात ही नुसती श्रमांची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, तीही एकावर एक रचलेली. काम ठरतं ते जन्मावरून, माणसाचा कल कोणी बघत नाही. धंदा बसला तरी दुसरा धरायची मुभा नाही, म्हणून बेकारी. जे खरं ते आधीच मान्य केल्यामुळे समर्थकाला मागे सरकायला जागाच उरत नाही. १९३७ च्या आवृत्तीत तर त्यांनी गांधीजींची टीका छापली आणि सोबत आपलं उत्तर दिलं. केवढा हा आत्मविश्वास!

तुम्ही सगळे आक्षेप घेऊ नका, सर्वांत बळकट असेल तो एकच घ्या. तो ज्याने मांडला त्याचं मूळ लेखन वाचा, गाइडमधला सारांश नको. मग तो तीन-चार वाक्यांत असा लिहा की त्या मताचा मित्र वाचून म्हणेल, 'हो, मला हेच म्हणायचंय.' त्यानंतर बघा चूक कुठे आहे: माहितीत, की माहितीवरून काढलेल्या निष्कर्षात? उत्तर त्याच परिच्छेदाला लागून द्या, शेवटासाठी राखून ठेवू नका.

काही मुद्दे खोडता येतच नाहीत. मातृभाषेतून शिक्षणावर लिहिताना 'इंग्रजीमुळे नोकऱ्या मिळतात' हे नाकारू नका, ते बरंचसं खरं आहे. तिथे आपलं विधान आवरतं घ्या: इंग्रजी हा विषय पहिलीपासून उत्तम शिकवा, पण प्राथमिक वर्गांत गणित आणि विज्ञान मुलाच्या भाषेतून. एवढं विधान तुम्हाला पुराव्यानिशी लढवता येईल.