काटकसर करूनही कर्ज कमी का होत नाही?

घरात काटकसर चालू असूनही कर्ज जागचं हलत नसेल, तर वाचलेला पैसा बहुधा मुद्दलापर्यंत पोहोचतच नाही. तो खात्यात पडून राहतो आणि महिनाअखेरीस दुसऱ्याच कशात तरी खर्च होतो. म्हणून बिल कमी आलं की उरलेला फरक त्याच दिवशी कर्जात भरा. भरताना ‘ही रक्कम मुद्दलात वळती करा’ असं लेखी कळवा. नाहीतर काही ठिकाणी ती पुढचा हप्ता म्हणून धरली जाते आणि व्याज तसंच चढत राहतं. मुदतीआधी भरण्यावर शुल्क आहे का, तेही विचारून घ्या.

आधी सगळ्यात महाग कर्ज फेडा. महिना 3 टक्के दर किरकोळ वाटतो, पण चक्रवाढीने तो वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातो. क्रेडिट कार्डाच्या बिलाची नुसती किमान रक्कम भरत राहणं तर फारच घातक.

काटकसर रोजच्या वापरात शोधा. 60 वॅटच्या जुन्या बल्बऐवजी 9 वॅटचा एलईडी रोज 5 तास लावला, तर वर्षाला सुमारे 93 युनिट वाचतात. मात्र निदान महिनाभराचा खर्च हाताशी असू द्या. सगळंच कर्जात भरलं, की पहिल्याच आजारपणात पुन्हा कार्ड वापरावं लागतं.