हिमालयातील उंचावरची सरोवरे वाढत आहेत का, हे उपग्रहचित्रांवरून स्वतः पडताळता येईल का?

येईल, आणि त्यासाठी खर्चही येणार नाही. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेचा चित्रसंग्रह 2008 पासून सर्वांना मोफत खुला आहे. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची 10 मीटर तपशिलाची चित्रेही, म्हणजे ज्यांतला एक पिक्सेल (चित्राचा सर्वांत लहान चौकोन) जमिनीवरचे 10 मीटर दाखवतो अशी, विनामूल्य मिळतात. उपग्रहचित्रांवर काम करताना माझे मत असे झाले आहे की, पाणी ओळखणे सोपे असते. कोणती दोन चित्रे शेजारी ठेवायची, हे ठरवण्यातच खरा कस लागतो.

पाणी थोडा हिरवा प्रकाश परतवते, पण निकट-अवरक्त किरण (तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) जवळजवळ सगळे शोषून घेते. उपग्रह हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या पट्ट्यांत नोंदवतो; हिरव्यातून निकट-अवरक्त वजा करून आलेल्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागले की प्रत्येक पिक्सेलला उणे 1 ते अधिक 1 यांमधला एक अंक मिळतो, आणि पाणी बहुधा शून्याच्या वर येते. सपाट प्रदेशात एवढ्यावर भागते. हिमालयात मात्र कड्यांच्या सावल्या आणि बर्फही याच गाळणीतून पाणी म्हणून सुटतात, त्यामुळे उंचीच्या नकाशावरून तीव्र उतार वगळावे लागतात आणि उरलेले प्रत्येक सरोवर डोळ्यांनी तपासावे लागते. पावसाळ्यात ढग आणि हिवाळ्यात गोठलेला पृष्ठभाग आड येत असल्याने सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतची चित्रे घ्यावीत, आणि दरवर्षी त्याच काळातील घ्यावीत. एका वर्षीच्या जूनची दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरशी तुलना केली, तर दिसणारी वाढ निव्वळ ऋतूची असू शकते.

काठावरच्या पिक्सेलांत निम्मे पाणी आणि निम्मे खडक असतात, म्हणून काठाची लांबी गुणिले अर्धा पिक्सेल एवढी चूक मी गृहीत धरतो. 4 किलोमीटर काठाच्या सरोवरासाठी लँडसॅटच्या 30 मीटर पिक्सेलांवर ती 6 हेक्टर होते, तर सेंटिनेल-2 वर 2 हेक्टर. सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवराचे इस्रोने दिलेले आकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत: 17 सप्टेंबर 2023 रोजी 162.7 हेक्टर, 28 सप्टेंबरला 167.4 आणि सरोवर फुटल्यानंतर 4 ऑक्टोबरला 60.3. पहिल्या दोन आकड्यांतील पावणेपाच हेक्टरांच्या फरकावरून मी कोणताही निष्कर्ष काढणार नाही. नंतरच्या शंभराहून अधिक हेक्टरांच्या घटीबद्दल मात्र शंकेला जागाच नाही. असे प्रसंग ढगाळ हवेत घडले तर ढगांच्या आरपार पाहू शकणाऱ्या रडार प्रतिमांचाच आधार उरतो.

क्षेत्रफळावरून पाण्याचे घनमान थेट कळत नाही, कारण त्यासाठी खोली मोजावी लागते. तसेच सरोवराला अडवणारा हिमोढाचा (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा) बांध कितपत पक्का आहे, हेही या आकड्यांत दिसत नाही. त्यामुळे केवळ विस्तार पाहून एखादे सरोवर धोकादायक ठरवू नये.

सुरुवात हिमाचल प्रदेशातील गेपांग घाट सरोवरापासून करावी, असे मी सुचवेन. इस्रोच्या मोजणीनुसार ते 1989 मध्ये 36.49 हेक्टर होते आणि 2022 मध्ये 101.30 हेक्टर झाले, म्हणजे आपले उत्तर ताडून पाहण्याची सोय तिथे आयतीच आहे.