अ‍ॅरे की ऑब्जेक्ट, आणि "कोडिंग माझ्यासाठी नाहीच बहुतेक"

"मॅडम, माहिती अ‍ॅरेत ठेवायची की ऑब्जेक्टमध्ये हेच मला सुचत नाही, बाकीच्यांना पटकन जमतं, कोडिंग माझ्यासाठी नाहीच बहुतेक." शब्द थोडे इकडेतिकडे, पण हे माझ्याकडे येणाऱ्यातले कितीतरी जण बोलतात. (अ‍ॅरे म्हणजे क्रमाने लावलेली यादी, ऑब्जेक्ट म्हणजे प्रत्येक गोष्टीला नाव देऊन ठेवलेली माहिती.) मी समुपदेशनात येण्याआधी काही वर्षं कोडच लिहायचे, म्हणून पहिलं हेच सांगते की रडू नंतर, आधी कोड दाखव.

ही मुलगी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत होती. दोन अ‍ॅरे केलेले, एकात नावं, दुसऱ्यात मार्क, तिसरं नाव आणि तिसरे मार्क एकाच विद्यार्थ्याचे. छान चाललं होतं. मग तिने मार्क सॉर्ट केले, म्हणजे क्रमाने लावले, आणि नावं बसली जागच्या जागी, झालं, याचे मार्क त्याला. त्यात अजून एक गंमत, नुसतं सॉर्ट लिहिलं की जावास्क्रिप्ट आकड्यांना अक्षरं समजून लावतं, त्यामुळे 9, 80, 100 चे झाले 100, 80, 9 आणि हिला वाटलं आपोआप उतरता क्रम लागला! (तुलना कशी करायची ते फंक्शन देऊन सांगावं लागतं.)

मी विचारलं, तिसऱ्याचे तिसरे हे कोडमध्ये कुठे लिहिलंयस? गप्प. ते फक्त तिच्या डोक्यात होतं, कोडला पत्ताच नव्हता.

मग म्हणाली ऑब्जेक्ट करते, नाव ही 'की' (जिच्यावरून शोधायचं ती), मार्क ही 'व्हॅल्यू' (शोधल्यावर मिळते ती). मी मुद्दाम करू दिलं. यादीत एकाच नावाच्या दोघी निघाल्या, दुसरीने पहिलीला पुसून टाकलं, एरर वगैरे काही नाही, आणि खरं सांगायचं तर अशी गुपचूप होणारी चूकच जास्त छळते. मग रोल नंबरला 'की' केलं तर 12, 3, 7 असं भरलेलं 3, 7, 12 होऊन बाहेर आलं, कारण आकडी 'की' ऑब्जेक्ट आधी घेतं आणि तेही चढत्या क्रमाने. भरलेला क्रम जपायला मॅप आहे, तोही 'की' आणि 'व्हॅल्यू'च्या जोड्याच ठेवतो, 2015 पासून भाषेतच आहे, पण तो थेट जेसनमध्ये (माहिती साठवायची-पाठवायची मजकुरी पद्धत) बदलायला गेलात तर हाती नुसता रिकामा कंस येतो.

शेवटी अ‍ॅरेच ठेवला पण आत ऑब्जेक्ट, प्रत्येकात नाव, रोल नंबर, मार्क. आता सॉर्ट केलं की अख्खा विद्यार्थी हलतो. रोल नंबरवरून एकालाच सारखं शोधायचं असेल तेव्हा बाजूला मॅप करायचा, एवढंच.

जाताना परत तेच, "पण मला अ‍ॅरे आणि ऑब्जेक्टमधला फरक कळायला इतका वेळ का लागला?" म्हटलं, टाइपऑफ (कुठली गोष्ट कोणत्या प्रकारची ते सांगणारा शब्द) लावून अ‍ॅरेलाच विचार तू कोण. तिने टाइप केलं. उत्तर आलं, 'ऑब्जेक्ट'. आल्यापासून पहिल्यांदा हसली.