कोळसा आमच्या जिल्ह्यातला, मग ओलित रात्रीचेच का?
(वाचकांचे प्रश्न : वीज आणि शेती)

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातील (जि. यवतमाळ) काही शेतकरी मिळून हे पत्र लिहीत आहोत. कोळसा आमच्याच जिल्ह्यातल्या वणीचा आणि वीज होते ती चंद्रपूर-कोराडीला, म्हणजे आमच्या विदर्भातच. तरीही वावरात थ्री-फेज लाइन कधी दिवसा आठ तास, तर कधी रात्री दहा तास, अशी पाळीपाळीने येते. रात्रीच्या पाळीत साप आणि रानडुकरे यांच्या भीतीत हरभऱ्याला पाणी द्यावे लागते, आणि ऐन हंगामात डीपी (रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर) जळाली की तेही बंद. देशात वीज पुरेशी आहे आणि प्रत्येक गावात ती पोहोचली आहे, असे वर्तमानपत्रे सांगतात. मग अडते कुठे?

उत्तर : ‘वीज आहे’ या शब्दांचा अर्थ वीजकेंद्रात एक असतो, तहसिलीच्या कागदावर दुसरा आणि आपल्या विहिरीवर तिसराच. त्यामुळे वर्तमानपत्र खोटे बोलत नाही आणि आपणही नाही.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशाची वीजनिर्मितीची क्षमता १३६२ मेगावॅट होती. आज एकट्या चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. मधली कित्येक दशके खरी टंचाई निर्मितीचीच होती, कारण केंद्र उभारायला लागणारे भांडवल राज्याच्या वीज मंडळाकडे नव्हते. परकीय भांडवल आणून हा प्रश्न सोडवण्याचा मोठा प्रयोग एन्रॉन कंपनीच्या प्रकल्पातून दाभोळला झाला. १९९३ च्या करारात विजेचा दर डॉलरशी बांधलेला होता आणि वीज घेतली नाही तरी स्थिर आकार भरणे भाग होते. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणेच थांबवले. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की ज्या संस्थेची स्वतःची वसुली होत नाही, ती महाग वीज विकत घेऊन गिऱ्हाइकाला देऊ शकत नाही, करार कोणाशीही असो. त्यानंतरच्या भारनियमनाची वर्षे आपण भोगलेली आहेत. पुढे तिरोडा, मौदा, कोराडी येथे नवे संच उभे राहिले, आणि उन्हाळ्यातल्या कमाल मागणीचे काही तास सोडले तर आज अडचण निर्मितीची राहिलेली नाही.

गावात वीज पोहोचल्याच्या आकड्याचे म्हणाल, तर २००४ पासून चालत आलेल्या व्याख्येनुसार गावात रोहित्र आणि वाहिनी असली, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक जागी वीज असली आणि दहा टक्के घरांत जोडणी असली, की गाव विद्युतीकृत धरले जाते. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग हे शेवटचे गाव जोडले गेल्याचे जाहीर झाले, ते याच व्याख्येने. घरोघरी जोडणी देण्याची सौभाग्य योजना २०१७ मध्ये वेगळी आणावी लागली ती म्हणूनच. या दोन्ही हिशोबांत शेतातली मोटर कुठेच नाही. घरातल्या दिव्याला एक फेज पुरतो, मोटरीला तीन लागतात.

आता आपल्या डीपीकडे येऊ. (डीपी म्हणजे खरे तर रोहित्र ज्यांवर बसवतात ते दोन खांब, डबल पोल, पण साऱ्या विदर्भात रोहित्रालाच डीपी म्हणतात, मीही तेच म्हणतो.) उपकेंद्रातून ११ हजार व्होल्टची वाहिनी निघते आणि डीपीवर तिचा दाब ४४० व्होल्टपर्यंत उतरतो. तेवढीच वीज ४४० व्होल्टवर न्यायची तर तारेतून पंचवीस पट प्रवाह वाहावा लागतो, आणि तारेतला व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो त्याच तारेत ६२५ पट होतो. लघुदाबाची तार एका डीपीपासून दीड-दोन किलोमीटर ओढली, की शेवटच्या विहिरीवर दाब पडणारच. मोटर गरम होते, पाणी कमी ओढते, म्हणून शेतकरी तीनऐवजी पाच अश्वशक्तीची मोटर बसवतो, आणि दाब आणखी पडतो.

१०० केव्हीएच्या डीपीवर पाच अश्वशक्तीचे साधारण सतरा पंप चालू शकतात. कागदावर सतराच असतात. तारेवर आकडे टाकून चोरून चालणारे पंप आणि मंजुरीपेक्षा मोठ्या मोटरी धरल्या, तर भार पंचवीसपर्यंत जातो. त्यात प्रत्येक मोटरीला ऑटो स्विच. लाइन आली, की साऱ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. नोकरीत असताना उपकेंद्रात फिडर, म्हणजे शेतीची वाहिनी, चालू केल्यावर अँपिअरचा काटा उडताना मी रोज पाहिला आहे. ऑटो काढा, दाब सावरायला कॅपॅसिटर बसवा, असे आम्ही सांगत असू. कॅपॅसिटरचे कोणी मनावर घेत नसे, आणि ऑटो काढण्याचा सल्ला तर मला तेव्हाही देववत नसे, कारण रात्री दोनला येणाऱ्या लाइनसाठी थंडीत विहिरीवर जागत बसा, असाच त्याचा अर्थ होता.

हे सारे अभियंत्यांना ठाऊक आहे, उपायही माहीत आहेत, पैसा नाही. शेतीचा दर खर्चापेक्षा कमी आणि उद्योगाचा खर्चापेक्षा जास्त, अशी आपली जुनी घडी आहे. मोठा कारखाना स्वतःची सौर वीज करू लागला किंवा खुल्या बाजारातून ती घेऊ लागला, की ही घडी सैल होते आणि तूट राज्याच्या अनुदानावर येते. अनुदान उशिरा आले, की पहिली कात्री लागते ती तारा, तेल, फ्यूज आणि माणसांच्या खर्चाला. केंद्राने २०१५ च्या उदय योजनेत वितरण कंपन्यांचे ७५ टक्के कर्ज राज्यांवर घेण्याची वाट काढली; कर्ज हलले, पण ज्या तुटीमुळे ते साचले होते ती जागच्या जागी राहिली. विदर्भापुरते आणखी एक सांगितले पाहिजे. १९८४ च्या दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला, तेव्हा कृषिपंपांचे ऊर्जीकरण (त्यांना वीजजोडणी देणे) हा त्यातला एक स्वतंत्र विषय होता. आपल्याकडे जाळे उशिरा पसरले आणि विरळ पसरले. मेळघाट-गडचिरोलीकडे तर खांब रोवायलाही वनखात्याची परवानगी लागते.

मग करायचे काय? एक उपाय लांब लघुदाब तार काढून ११ हजारांची वाहिनीच शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांमागे छोटी डीपी द्यायची, असा आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून तो राबवला गेला. त्यात आकडा टाकता येत नाही आणि डीपी जळाली तर कोणाच्या चुकीने जळाली हे दिसते. पण खर्च भारी आहे. दुसरा उपाय गावठाण आणि शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या करण्याचा. गुजरातने २००३ नंतरच्या तीन-चार वर्षांत ज्योतिग्राम योजनेतून ते राज्यभर केले.

तिसरा उपाय मला आपल्यासाठी सर्वांत कामाचा वाटतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये नव्या रूपात आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज दिली जाते. आपले ओलित मुख्यतः रब्बीचे, आणि त्या महिन्यांत विदर्भाचे आकाश स्वच्छ असते. ज्याला ओलित नसेल त्याच्या वाट्याची वीज ग्रिडमध्ये जाते; एकट्या शेतकऱ्याच्या सौरपंपाची वीज मात्र कापूस-तूर निघाल्यावर महिनोन्‌महिने वाया जाते. म्हणून जिथे वाहिनी आहे तिथे सुटा सौरपंप देणे मला उधळपट्टी वाटते. जिथे ती पोहोचणे अवघड आहे तिथे तो जरूर द्यावा. एक काळजी मात्र आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते, आणि ती पुष्कळदा गावच्या ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीतून घेतली जाते. तेथे ज्यांच्या शेळ्या-गुरे चरतात ते बहुधा भूमिहीन असतात, आणि पंपाची वीज त्यांच्या कामाची नसते. ठरावावर अंगठा घेण्याआधी ग्रामपंचायतीने त्यांच्या चराईची सोय लिहून घ्यावी.

प्रश्न : साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचे बिल २०२४ पासून शासन भरते. आम्हाला भरायचेच नाही, तर मीटर हवे कशाला? मीटर लागले की उद्या बिल येईल, अशी गावात भीती आहे. (एक वाचक, मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर : भीती निराधार नाही. २००४ च्या निवडणुकीआधी वीज मोफत झाली आणि पुढच्याच वर्षी ती सवलत गेली, हे लोक विसरलेले नाहीत. पण मीटर नसल्याचा फायदा शेतकऱ्याला होतो, हा समज तपासून पाहावा. पंपाची वीज अश्वशक्तीवर अंदाजाने धरली, की चोरी, गळती आणि चुका अशा साऱ्या हरवलेल्या युनिटांना ‘शेतीचा वापर’ हे नाव देता येते. वीज मंडळ वर्षानुवर्षे पंधरा-अठरा टक्के गळती दाखवत होते. राज्याच्या वीज नियामक आयोगाने २००० साली हिशोब तपासला, तेव्हा ती तीस टक्क्यांच्या आसपास निघाली. मधली वीज कागदावर आपण वापरली होती.

२००३ च्या वीज कायद्याने मीटरशिवाय पुरवठा नको असे सांगितले, आणि सरकारने सवलत द्यायची तर तिची रक्कम आगाऊ भरावी असेही सांगितले. शासन जे पैसे देते ते कोणत्या युनिटांचे, हे न मोजता कसे ठरणार? प्रत्येक विहिरीवर मीटर लावून ते वाचत बसणे खर्चाचे आहे, हे मला मान्य आहे. डीपीवर एक आणि वाहिनीवर एक, असे मीटर चालू ठेवून त्यांचा आकडा दरमहा गावात लावला, तरी आपल्या नावावर किती वीज मांडली जाते ते उघडे होईल. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजल किती खाली गेले आहे, हे आपल्याला मी सांगायला नको; तिथे उपसा किती होतो याचा दुसरा कोणताही हिशोब आपल्याकडे नाही.

प्रश्न : मंडळाचे २००५ मध्ये तुकडे केले तरी फरक पडला नाही. तालुक्याची सहकारी संस्था काढून आम्हीच वीज वाटली तर? की खासगी कंपनी बरी? (एक वाचक, तुमसर, जि. भंडारा)

उत्तर : नगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा सहकारी संस्थेने ते करून पाहिले. सुमारे चार दशकांनंतर, २०११ मध्ये, तेथील वितरण महावितरणकडे गेले. शेतीपंपांचा भार मोठा, वसुली कमी आणि घाऊक विजेची थकबाकी वाढती, म्हणजे मंडळाचेच दुखणे संस्थेलाही झाले. ओडिशाने १९९९ मध्ये वितरण खासगी केले आणि पुढे परवाने काढून घेऊन पुन्हा नव्याने द्यावे लागले. नागपूर शहराच्या काही भागांतला खासगी फ्रँचायझीचा प्रयोगही २०१९ मध्ये संपला. दुसरीकडे दिल्लीत २००२ मध्ये वितरण खासगी झाल्यानंतर गळती खरोखर उतरली. पण दिल्लीत धानाचे पंप नाहीत. आपल्या तालुक्यातील शेतीच्या विजेचे पैसे कोण, केव्हा आणि किती युनिटांवर देणार, हे आधी लेखी ठरवून घ्या. ते ठरले तर संस्था चालेल आणि कदाचित महावितरणही चालेल.